विकतचा किल्ला आणि रिकामे हात

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातील एक संध्याकाळ. आमच्या उपनगरातील स्टेशनरीच्या दुकानात पालकांची झुंबड उडाली होती. कार्यालयातून थेट आलेले एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत पुढे सरसावले आणि त्यांनी विचारले, "तिसरीचा किल्ला आहे का?" तिसरीचे गणिताचे पुस्तक काढून द्यावे, तितक्याच सहजतेने दुकानदाराने वरच्या फळीवरून प्लास्टरचा एक रंगवलेला किल्ला खाली काढला. बुरूज, दरवाजा, भगवा झेंडा, सारे जागच्या जागी होते. "हा कोणता किल्ला?" गृहस्थांनी विचारले. "कोणताही म्हणा," दुकानदार उत्तरला, "नावाची पट्टी वेगळी मिळते. रायगड, सिंहगड, प्रतापगड, हवी ती चिकटवा." सोबतचा आठ वर्षांचा मुलगा पट्ट्या उलटसुलट करून पाहू लागला. त्याने प्रतापगड निवडला, कारण त्या पट्टीवरची अक्षरे सोनेरी होती.

त्या गृहस्थांना दोष द्यावा, असे मला वाटले नाही. शाळेने सुट्टीचा 'प्रकल्प' म्हणून किल्ला सांगितलेला, सदनिकेत मूठभर मातीही नाही आणि हाताशी वेळ नाही. दुकानदाराचाही दोष नाही. मागणी असते ते तो विकतो. दोष असलाच तर तो एका समजुतीचा आहे. किल्ला 'झाला' की काम झाले, ही ती समजूत. तो कोणी केला, कसा केला आणि करताना काय घडले, हे प्रश्न आपण विचारणेच सोडून दिले आहे.

आज प्राथमिक शाळांतून ऋतूंनुसार हस्तकलेचे उपक्रम होत नाहीत, अशी तक्रार कोणी करू शकणार नाही. उलट त्यांचा सुकाळ आहे. श्रावणात राखी, भाद्रपदात गणपती, आश्विनात कंदील, डिसेंबरात नाताळचे झाड, जानेवारीत पतंग, फाल्गुनात पिचकारीचे चित्र! वर्षभर फलक सजलेले असतात. मात्र त्या फलकांसमोर पाच मिनिटे उभे राहून पाहावे. चाळीस मुलांच्या चाळीस राख्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या दिसतील. त्यांतल्या काहींवर आईच्या हाताची सफाई दिसेल, काहींवर दुकानाची. मुलाचा हात शोधावा लागेल. ऋतू शाळेत आला खरा. पण तो फलकावर टाचण्यापुरता.

ऋतू हाच शिक्षक होता

आपल्याकडे मुलांच्या हस्तकलेचे वेळापत्रक कोणत्या शिक्षण खात्याने आखले नव्हते. ते पंचांगात आणि शेतशिवारात आपसूक होते. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढायचा. श्रावणी अमावास्येला ओल्या मातीचे बैल करायचे. विदर्भात त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन घरोघरी जाणाऱ्या बालगोपाळांचा. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादग्याचा हत्ती. कोणी तो रांगोळीने काढी, कोणी पाटावर धान्य मांडून साकारी, आणि त्या दिवसांत मिळणाऱ्या फळांच्या आणि भाज्यांच्या माळा त्याला घातल्या जात. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांतून उभी राहणारी सरस्वती. दिवाळीत किल्ला आणि कंदील. संक्रांतीला सुगडे. चैत्रात अंगणभर चैत्रांगण. त्यात सूर्य-चंद्र, शंख-चक्र, गोपद्मे, कासव, तुळशीवृंदावन, पाळण्यातली गौर. आज ज्याला आपण 'चिन्हांची भाषा' म्हणतो, ती पाच-सहा वर्षांची मुलगी आजीच्या चिमटीकडे पाहून शिकत असे.

या साऱ्याकडे केवळ स्मरणरंजन म्हणून पाहू नये. त्यात एक शिक्षणपद्धती दडलेली होती, आणि तिचे तीन गुण आजच्या 'प्रकल्पा'त नेमके हरवले आहेत.

पहिला गुण साहित्याचा. जे साहित्य त्या ऋतूत हाताशी येते, त्याचाच उपयोग. पावसाळा सरताना माती मळण्याजोगी असते, म्हणून पोळ्याचे बैल आणि गणपती मातीचे. माती फार ओली राहिली तर बैलाचे पाय वाकतात, फार कोरडी असली तर शिंगे तुटतात आणि उन्हात वाळवली तर पोटाला तडा जातो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून मिळत नाही. ते बोटांना मिळते. फाल्गुनात पळस फुलतो. त्याची फुले पाण्यात भिजवली वा उकळली की केशरी-पिवळा रंग सुटतो. हळदीत चुन्याची निवळी पडली की ती लाल होते. जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस लिंबाच्या थेंबाने गुलाबी-लाल आणि खाण्याच्या सोड्याने हिरवट होतो. आम्ल आणि अल्क ही नावे मुलाला पुढे सातवी-आठवीत भेटतील. त्यांची ओळख त्याच्या बोटांना दुसरीतच झालेली असेल.

दुसरा गुण प्रतीक्षेचा. किल्ल्यावर हळीव किंवा मोहरी पेरली की हिरवळ त्याच दिवशी येत नाही. तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे लागते, आणि हलक्या हाताने. नाहीतर माती वाहून जाते आणि तटबंदी ढासळते. पिंपळाचे पान पाण्यात ठेवले तर त्याची जाळी व्हायला कित्येक आठवडे लागतात. ते मधेच उचलून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. बोट फिरवले की चित्र बदलते, अशा पडद्यासमोर वाढणाऱ्या पिढीला 'थांबणे' शिकवण्याचा याहून सौम्य मार्ग मला तरी दिसत नाही.

तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याच्याकडेच आपले सर्वाधिक दुर्लक्ष झाले आहे. ऋतू परत येतो. माझा पहिला किल्ला मी साताऱ्यातील आमच्या वाड्याच्या परसात केला, तेव्हा मी दुसरीत होतो. नुसत्या मातीचा ढीग केला, वर मावळे मांडले आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे पाहतो तो अर्धा गड खाली आलेला. आजोबा पायरीवर बसून सारे पाहत होते. त्यांनी माझे सांत्वन केले नाही आणि किल्लाही नीट करून दिला नाही. एवढेच म्हणाले, "पुढच्या वर्षी आत काय घालशील, ते आता ठरवून ठेव." पुढच्या वर्षी आत दगड-विटा आल्या, त्यावर गोणपाट आले आणि मग माती. त्याच्या पुढच्या वर्षी पाण्याच्या टाक्याला उतार दिला. पाचवीपर्यंत चार किल्ले झाले, आणि मी किती वाढलो याचे माप त्या चार किल्ल्यांत होते. कोणी गुण दिले नाहीत, कोणी प्रमाणपत्र दिले नाही. परीक्षक होता ऋतू. तो दरवर्षी न चुकता येई आणि चूक सुधारण्याची संधी देऊन जाई.

या कलाकृतींपैकी एकही टिकणारी नव्हती, हेही ध्यानात घ्यावे. रांगोळी झाडली जाई, मातीचा गणपती विसर्जित होई, किल्ला पुन्हा मातीत मिळे. टिकवायचे नाही, म्हणून बिघडण्याचे भय नाही. आणि भय नाही, म्हणून हात मोकळा. शाळेच्या कपाटात तपासणीसाठी ठेवायच्या प्रकल्पात हे स्वातंत्र्य नसते. तिथे चूक दिसता कामा नये, आणि म्हणून ती होण्यापूर्वीच आई किंवा दुकान धावून येते.

एका किल्ल्यात किती विषय!

'नावाची पट्टी हवी ती लावा' हे वाक्य मला बोचले, त्याचे कारण सांगतो. राजगड करायचा म्हटले तर मुलाला आधी हे कळावे लागते की त्याला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत आणि मधोमध उंच बालेकिल्ला आहे. माचीला जागा सोडली नाही तर गड राजगड होत नाही. सिंधुदुर्ग करायचा तर सभोवती पाणी हवे आणि दरवाजा असा लपवावा लागतो की समोरून तो सहज दिसू नये. तो लपवताना 'का?' हा प्रश्न मुलाच्या मनात उठतोच, आणि दुर्गरचनेचा पहिला धडा तिथेच गिरवला जातो. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. या वार्तेने आपली छाती अभिमानाने भरून आली. परंतु ज्या बालकाच्या लेखी राजगड आणि प्रतापगड यांत फरक केवळ पट्टीचा आहे, त्याच्या हाती हा वारसा आपण कोणत्या रूपाने सोपवणार आहोत?

कंदिलाचेही तसेच. चांदणीचा कंदील करायला दहा सारख्या कामट्या लागतात. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन. त्यांची पाचही टोके एकमेकींना बांधायची आणि आतल्या छेदबिंदूंवर पाच आखूड कामट्या आडव्या अडकवायच्या, की सपाट आकृती फुगून घनाकृती होते. एक कामटी अर्धा इंच कमी पडली तर चांदणी लंगडते. त्यावर खळीने पातळ कागद ताणून चिकटवायचा. भूमिती म्हणजे काय, हे ज्याने असा कंदील बांधला त्याला निराळे सांगावे लागत नाही. गोव्यात आणि वसईत नाताळच्या दिवसांत जी चांदणी घरोघरी टांगली जाते, तिचाही सांगाडा याच हिशेबाने बांधता येतो. आणि गोव्यातील काही घरांतून नाताळच्या गोठ्याभोवती धान्य पेरून जी हिरवळ उगवतात, ती आपल्या किल्ल्यावरच्या हळिवाची सख्खी बहीण शोभावी. ऋतू आणि माती सर्वांची आहे. वर्गात कोणत्याही घरचे मूल असो, त्याच्या अंगणातला ऋतू तोच असतो.

मळलेली वाट आपल्याच भूमीत

हे विचार नवे नाहीत, आणि त्यांच्यासाठी परदेशांकडे पाहण्याचीही आवश्यकता नाही. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर या खेड्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्याच्या सजावटीचे दायित्व शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे होते. त्यांनी बांबू, गवत असे आसपासच्या गावांत मिळणारे साहित्य वापरून ती नगरी उभी केली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या 'नई तालीम'ची मांडणी तेथे झाली. नंदलालबाबूंचे शिष्य देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले. खेड्यातल्या मुलांबरोबर तिथे वर्षानुवर्षे काम करून त्यांनी पुढे त्या अनुभवावर ग्रंथही लिहिला. त्याच सुमारास ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभारले, त्यात शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच शैक्षणिक साधने होती. साधनांचा अभाव हे कारण त्यांनी कधी पुढे केले नाही. अभाव होता तो पैशाचा. साधने तर झाडाखाली पडलेली होती.

मग आज अडचण कुठे आहे? थोडे कायद्याकडे पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तेही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तर, कलाशिक्षणाकरिता अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला हा विषय शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर असावा, अशी शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांच्या सान्निध्यात दहा दिवस दप्तराविना घालवण्याची सुंदर कल्पना मांडली. पण तीही सहावी ते आठवीसाठी. ज्या वयात हात सर्वाधिक शिकतात, त्या सहा ते दहा या वयात मूल आणि माती यांच्यामध्ये उभा असतो एकटा वर्गशिक्षक. त्याच्यावर सर्व विषय, सर्वेक्षणे आणि माहितीचे तक्ते यांचा भार. तो उपक्रम घरी पाठवतो. घर तो दुकानाकडे पाठवते. जबाबदारीची ही साखळी कुठे सुरू होते, हे समजून घेतल्याखेरीज केवळ शिक्षकांवर टीका करणे अन्यायाचे ठरेल.

आधी आपल्या घरात पाहू

एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. संस्कृतीविषयी सर्वाधिक बोलणारी घरे आपली. पाडव्याच्या शोभायात्रेत आपण मुलांना नऊवारी आणि फेटे घालून नेतो, त्यांची छायाचित्रे नातेवाइकांना पाठवतो. पण त्याच घरात दारापुढची रांगोळी चिकटपट्टीची असते, तोरण प्लास्टिकचे असते आणि किल्ला दुकानातला असतो. वेष उतरवला की संस्कृती कपाटात जाते. हातात आलेले कसब मात्र कोणी उतरवून ठेवू शकत नाही. संस्कार हा शब्द आपण फार वापरतो. मातीवर, सोन्यावर, धान्यावरही संस्कार होतात, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ हाताने केलेले, सावकाश केलेले, पुनःपुन्हा केलेले काम असाच असतो.

जुन्या काळचे सारेच आदर्श होते, असेही समजू नये. मुलींनी रांगोळी काढायची आणि मुलांनी किल्ला करायचा, ही वाटणी तेव्हा होती; आता तिला काहीच अर्थ नाही. मातीचे काम कुंभाराचे, बांबूचे बुरूडाचे, म्हणून इतरांच्या मुलांनी त्याला हात लावू नये, ही वृत्तीही होती. ती आपल्याला भोवली आहे. आज शाळेने गावातल्या कुंभाराला किंवा बुरूडाला सन्मानाने बोलवावे, मानधन द्यावे, आणि मुलांनी दोन तास त्याला 'गुरुजी' म्हणावे. समरसतेवरील दहा भाषणांनी जे साधत नाही, ते त्या दोन तासांत साधेल.

काय करता येईल?

खर्चिक असे काहीच नाही. पहिली गोष्ट, प्राथमिक शाळेने कोणताही हस्तकलेचा उपक्रम घरी पाठवू नये. जे करायचे ते वर्गात, शाळेच्या वेळेत, मुलांच्याच हातांनी. महिन्यातून एक दुपार यासाठी राखून ठेवली तरी पुरे.

दुसरी गोष्ट, वर्षाला सहा ऋतू, म्हणून सहाच उपक्रम. सणवारांची सारी यादी नको. वर्षाऋतूत पानांचे ठसे आणि पिंपळाची जाळी. पोळा-गणपतीच्या सुमारास मातीकाम. शरदात धान्याने मांडलेला हत्ती आणि कामट्यांचा कंदील. हेमंतात बांबू, गवत आणि काडी यांचे विणकाम. शिशिरात गळलेल्या पानांची, बियांची आणि शेंगांची मांडणी. वसंतात फुलांचे रंग आणि अंगणातली रांगोळी. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी काहीच सांगू नये. कैऱ्या आणि आंब्याच्या कोयी पुरेशा आहेत. पहिलीपासून पाचवीपर्यंत उपक्रम तेच ठेवावेत. 'तेच तेच कशाला?' असे कोणी विचारील. ऋतूही तोच असतो, मूल मात्र दरवर्षी निराळे असते.

तिसरी गोष्ट, गुण नकोत, क्रमांक नकोत, स्पर्धा तर नकोच. किल्ल्यांच्या स्पर्धांमुळेच वडीलधारी मंडळी मुलांच्या हातातून थापी काढून घेतात. गृहसंकुलांतील कार्यकर्त्यांना विनंती आहे. येत्या दिवाळीत स्पर्धेऐवजी एका कोपऱ्यात दोन घमेली माती, थोडे दगड आणि जुनी गोणपाटे आणून ठेवावीत, आणि एकच नियम लावावा: बारा वर्षांवरील कोणीही मातीला हात लावायचा नाही. मोठ्यांनी पायरीवर बसून पाहावे. गड ढासळला तर ढासळू द्यावा.

सदनिकेत माती आणायची कुठून, हा प्रश्न खरा आहे. पण मला तो अर्धाच वाटतो. एका कुंडीत मावेल एवढा बुरूज तरी नक्कीच करता येतो. आपल्याला खरी अडचण मातीची नसते; फरशी मळण्याची असते.

दुकानातला तो मुलगा सोनेरी अक्षरांचा प्रतापगड घेऊन बाहेर पडला, तेव्हा परतीचा पाऊस नुकताच थांबला होता. दुकानासमोर रस्त्याचे खोदकाम चालले होते आणि कडेला लालसर ओल्या मातीचा ढीग पडला होता. वडील रिक्षा शोधत होते. मुलाने किल्ल्याचे खोके काखेत धरले, दुसरा हात खाली नेला, मातीचा एक गोळा उचलला आणि तो चेपून पाहिला. "टाक ते, हात घाण होतील," वडील म्हणाले. त्याने गोळा टाकला आणि हात पँटला पुसला.

त्याला काय हवे होते, ते त्याच्या हाताला ठाऊक होते. आपण मध्ये आलो नाही, तर ते अजूनही त्याला मिळू शकेल.